मेणाच्या बेल्मिरोच्या मापाची गाडी

१९ नोव्हेंबर १९६६, शनिवार. ताउबातेच्या बाजारामागच्या गल्लीत दोना एपोनिनानं शहाण्णव हजार तीनशे पन्नास क्रुझेइरो दोना झुलेइकाच्या ओट्यावर ठेवले आणि आपला मुलगा मेणाचा करून मागितला.

मुलगा शेजारीच उभा होता. नाव बेल्मिरो, वय एकोणतीस, वाणिज्य शाळेतून हिशेबनिसाचा दाखला मिळवलेला, अविवाहित. आजारातून उठून इतका हडकला होता, की त्याचा कोट त्यानं घातलाय की खुंटीला टांगलाय हे लांबून कळत नसे. हे वर्णन त्याचं स्वतःचं. आपल्याबद्दल बरं बोलायची वेळ आली की बेल्मिरोला एकदम काहीतरी काम आठवायचं, आणि वाईट बोलायचं असेल तर तो खुर्ची ओढून बसायचा.

त्या वर्षी जुलैत त्याचं पित्ताशय बिघडलं. ताप हटेना, अंग हळदीसारखं झालं, डॉक्टरांनीही हात टेकले. तेव्हा आईनं आपारेसिदा गावच्या चर्चमधल्या मातेला नवस बोलला, की मुलगा उठला तर मेणाचा मुलगा, जेवढा आहे तेवढा, तुझ्या पायाशी आणून ठेवीन. मुलगा उठला. आता नवस फेडायचा होता.

दोना झुलेइका नवसाचे मेणाचे अवयव बनवायची. तिच्या फळ्यांवर पाय, हात, डोकी, छात्या, कान रांगेनं मांडलेले असत. ती व्यवहाराला सरळ बाई होती.

"दोना एपोनिना, दुखणं पित्ताशयाचं होतं ना? पित्ताशय माझ्याकडं तयार आहे. फळीवरून काढून देते. याचा दहावा हिस्सासुद्धा पडणार नाही."

"पित्ताशय घरात पगार आणतं का?" आई म्हणाली. "मी अख्खा मागितला, तिनं अख्खा दिला. आता तुकडा नेऊन ठेवू? कुठल्या तोंडानं?"

"बरं. उभा की बसलेला?"

आईनं मुलाकडं एकदा पाहिलं. "बसलेलाच करा. याला उभा कुणी पाहिलाय?"

नाताळच्या आधी बसलेला बेल्मिरो तयार झाला. आतून लाकडी सांगाडा, वर पोकळ मेण, अंगात आईनं दिलेला खरा शर्ट आणि खरा टाय. झुलेइकानं नाक थोडं लहान केलं होतं. देवीसमोर जायचंय म्हणून, असं ती म्हणाली. सणासुदीच्या गर्दीत मेणाचा माणूस बसमधून न्यायचा कसा, असा प्रश्न पडला आणि सहा जानेवारीचा तीन राजांचा सण उलटला की नेऊ असं ठरलं. झुलेइका मेणबत्त्यांची पाटी घेऊन सुटीभर आपारेसिदाला धंद्याला गेली. जाताना मेणाचा बेल्मिरो मागच्या खोलीत चादरीखाली बसवून गेली.

त्या खोलीची पलीकडची भिंत सेउ आदेमार चेंब्रानेली यांच्या कारखान्याची होती.

सेउ आदेमार फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवत. टाक्या चांगल्या होत्या, खपतही होत्या. बेल्मिरो तिथं हिशेब लिहायचा, त्यामुळं टाक्यांत पैसा आहे हे त्याला माहीत होतं. सेउ आदेमारनाही माहीत होतं, पण त्यांना त्याचं काही वाटत नसे. त्यांना गाडी बनवायची होती. लहान, दोन माणसांची, दोन दारांची, जमिनीला चिकटून सुसाट पळणारी गाडी. गल्लोगल्ली दिसणाऱ्या गोल पाठीच्या फुस्का मोटारीचा सांगाडा घ्यायचा, मधून कापून आखूड करायचा, मागचं इंजिन कसून तयार करायचं आणि वर फायबरचं हलकं अंग चढवायचं. नावही ठरलं होतं: आंदोरिन्या, म्हणजे पाकोळी. परदेशी गाड्यांवर तेव्हा इतका कर होता, की असली गाडी लोकांनी फक्त मासिकात पाहिलेली असे. सेउ आदेमारनी तीच मासिकं पाहून पाकोळी काढली होती.

आधी लाकूड आणि प्लास्टरची पूर्ण आकाराची गाडी करायची, तिच्यावरून साचा घ्यायचा, मग साच्यातून हवी तितकी अंगं काढायची. टाक्यांचंही असंच चाले. फरक इतकाच, की टाकीत कुणी बसत नाही. गाडीत बसणारा माणूस लागतो, त्याच्या डोक्यावरून छप्पर ठरतं, हातावरून चाक, गुडघ्यावरून सगळं बाकीचं. आणि प्लास्टर चढत असताना त्या माणसानं हलायचं नाही.

कारखान्यात बसून काम करणारा माणूस एकच होता.

बेल्मिरोला त्या लाकडी पिंजऱ्यात बसवलं. सकाळी तो ताठ असायचा. दुपारी भात-राजमा खाऊन आला की त्याची मान खाली जायची. सकाळचं माप आणि दुपारचं माप यांत चार बोटांचा फरक पडू लागला.

"तू माणूस आहेस की समुद्राची भरती-ओहोटी?" सेउ आदेमार म्हणाले.

"आजारातून उठलोय, सेउ आदेमार."

"उठलायस कुठं? बसल्या बसल्या झोपलायस."

मग कुणाला तरी भिंतीपलीकडचा आठवला. मेणाचा बेल्मिरो आणून पिंजऱ्यात ठेवला तेव्हा सगळे जण एकदा त्याच्याकडं, एकदा खऱ्याकडं बघू लागले, इतका तो हुबेहूब होता. सेउ आदेमारनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"हा तूच. फक्त घोरत नाही," ते म्हणाले. "दोन दिवसांसाठी घेतो. आईला कळवू नकोस."

बेल्मिरोनं कळवलं नाही. पण पुढं कार्निव्हल यायचा होता, आणि कार्निव्हल तोंडावर आला असताना ब्राझीलमध्ये कुणी नवं काम हातात घेत नाही आणि हातातलं पुरं करत नाही. सगळं कार्निव्हल संपवणाऱ्या राखेच्या बुधवारानंतर. दोन दिवसांचे चार आठवडे झाले. जानेवारी-फेब्रुवारीचा उन्हाळा, वर जस्ताचे पत्रे, आणि त्याखाली मेणाचा बेल्मिरो शर्ट-टाय घालून बसलेला.

तो खचत गेला. एकदम नाही, एकदम खचला असता तर दिसलं असतं. रोज थोडा. कंबर सांगाड्यावरून खाली सरकली, पाठीला बाक आला, मान उजव्या खांद्याकडं कलली. सेउ आदेमार येता-जाता त्याच्या डोक्यावर हात धरून वरचं अंतर बघत. "अजून एक बोट वाचतंय," म्हणत आणि सुताराला छप्पर एक बोट खाली घ्यायला लावत. दोन दिवसांनी पुन्हा एक बोट वाचायचं. आपल्या हातून इतकी बुटकी गाडी उतरतेय, याचा त्यांना रोज नव्यानं आनंद व्हायचा. राखेच्या बुधवारानंतर प्लास्टर घासून गुळगुळीत केलं आणि त्यावरून साचा घेतला.

मग झुलेइका परतली. ती पिंजऱ्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझ्या माणसाला काय केलंत?"

"काय केलं? नुसता बसलाय."

"मेण भर उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवत नाहीत, हे माझ्या मेणबत्त्यांनासुद्धा कळतं, सेउ आदेमार. हा एक वीत खचलाय."

सगळे बेल्मिरोकडं बघू लागले. खचला होता मेणाचा, पण मान खाली घातली खऱ्यानं.

साचा मोडून पुन्हा करायला पैसे नव्हते. हे सेउ आदेमारना बेल्मिरोनंच सांगितलं, कारण ते सांगण्याचाच त्याला पगार मिळत होता. त्यामुळं एप्रिलमध्ये पहिली पाकोळी त्याच साच्यातून बाहेर आली. पिवळी होती. खरं सांगायचं तर अप्रतिम होती. दारात उभी केली तर तिचं छप्पर माणसाच्या कमरेला लागायचं. रस्त्यानं जाणारे थांबले, पाववाला सायकल टेकून आत आला.

"बस," सेउ आदेमार बेल्मिरोला म्हणाले. "तुझ्या मापाची आहे."

बेल्मिरो चाकामागं, म्हणजे तिथल्या रिवाजानं डाव्या आसनावर बसला. म्हणजे आधी एक पाय गेला, मग तो स्वतः गेला, मग दुसरा पाय हातानं उचलून आत घ्यावा लागला. डोकं छपराला टेकलं. मान उजवीकडं कलवली तेव्हा कुठं दार लागलं. शेजारच्या रिकाम्या आसनाकडं कान लावून कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखा तो दिसत होता.

"तू वाढलास की काय?"

"या वयात माणूस वाढतो तो आडवा, सेउ आदेमार. उभा नाही."

बेल्मिरो हा प्रसंग पुढं आयुष्यभर सांगत राहिला. म्हणायचा, जगात माझ्या एकट्याच्या मापानं एक मोटार बनली, आणि तिच्यात न मावणारा पहिला माणूसही मीच.

पण गाडी पळाली. त्याच सप्टेंबरात एका गावच्या रस्त्यांवरच्या शर्यतीत सेउ आदेमारनी ती उतरवली. चालवायला घोड्यांच्या शर्यतीतला एक निवृत्त जॉकी शोधून आणला, कारण तो एकटाच मान सरळ ठेवून बसू शकत होता. छप्पर इतकं खाली, की वारा वरून निसटून जायचा. आपल्या गटात ती पहिली आली. सोमवारी कारखान्याचा फोन वाजू लागला आणि टाक्यांची गिऱ्हाइकं ताटकळली.

इकडं आई वाट बघत होती. मेणाचा मुलगा कुठाय, हे झुलेइकानं तिला सरळ सांगून टाकलं. "मी माझं काम केलं. पुढचं त्या आदेमारला विचारा." दोना एपोनिना चर्चला जायचा काळा पोशाख घालून कारखान्याच्या फाटकावर आली. बेल्मिरो धावत बाहेर गेला.

"आई, आशीर्वाद दे."

"देव भलं करो. बाजूला हो, मला तुझ्या मालकाशी बोलायचंय."

"मी बोलतो, आई. तू कशाला? आत नुसती फायबरची धूळ आहे, तुला खोकला येईल."

"कधी बोलतोस?"

"या महिन्यात."

आईनं विश्वास ठेवला. घरात कर्ता पुरुष तोच होता, आणि त्यानं शब्द दिला होता. ती परत फिरली. आत सेउ आदेमारना फाटकावर कोण येऊन गेलं हे कळलंसुद्धा नाही.

बेल्मिरो त्या महिन्यात बोलला नाही. पुढच्याही नाही. सुरुवातीला कारण खरं होतं. नवं काही बसवायचं झालं, आसन, चाक, आरसा, की मेणाच्या बेल्मिरोला चादरीखालून काढावं लागे. सगळी मापं त्याच्यावरूनच घेतलेली, तोच कारखान्याचा गज. शिवाय साच्याला आतून मेण चोळल्याशिवाय फायबर सुटत नाही, आणि मेण संपलेलं असलं की कारागीर जाऊन त्याच्या पाठीचं चिमूटभर खरवडून आणत. "बेल्मिरो, तुझं जरासं घेतलंय रे," असं ओरडून सांगत. अशा रीतीनं बऱ्याच पाकोळ्यांना आतून बेल्मिरो लागला.

पण हे कारण काही वर्षं पुरलं. खरं कारण दुसरं होतं आणि ते त्याला पुरतं माहीत होतं. गिऱ्हाईक आलं की सेउ आदेमार चादर ओढून काढत आणि म्हणत, "ही गाडी या माणसाच्या मापानं बनलीय." मग टेबलाकडं बोट दाखवत. "आणि हा तो माणूस." गिऱ्हाईक वळून बघायचं. बेल्मिरो टाक जागेवर ठेवून किंचित मान लववायचा. दिवसभर आकड्यांची बेरीज करणाऱ्या माणसाकडं एरवी वळून कोण बघतं? साओ पावलोहून डॉक्टर येत, वकील येत, एकदा एक सिनेनट आला. सगळे त्याच्याकडं वळून बघत. त्यासाठी त्यानं देवीला ताटकळत ठेवलं. पुढं तो हे सांगायचा तेव्हा एवढंच म्हणायचा, की माझ्याकडं गर्व करण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी मेणावर गर्व केला.

सगळीच गिऱ्हाइकं कौतुक करत नसत. एक उंच डॉक्टर गाडी घेऊन गेले आणि महिन्याभरात परत आले.

"इंजिन उत्तम, वळणावर तर लाजवाब," ते म्हणाले. "मला एवढंच विचारायचंय, ही बनवलीय कुणासाठी? मान कललेली, कंबर नाही, गुडघे छातीशी. असा प्राणी राहतो कुठं?"

कारखान्यातल्या सगळ्यांनी एकाच वेळी टेबलाकडं बघितलं.

"इथंच राहतो, डॉक्टर," बेल्मिरो म्हणाला. "बसा, कॉफी घ्या. मान दुखत असेल तर डावीकडं झोपत जा. मी तसंच करतो."

डॉक्टर हसले आणि गाडी घेऊन गेले, विकली नाही. कुणीच विकत नसे. एकाहत्तर साली सेउ आदेमारनी दुसरी आवृत्ती काढताना छप्पर दोन बोटं वर घ्यायचं ठरवलं, तर जुनी गिऱ्हाइकं भांडायला आली. वर घेतलंत तर ती फायबरची फुस्का होईल म्हणाली. छप्पर राहिलं तिथंच. शहरात पाकोळीवाले एकमेकांना लांबून ओळखायचे: दारूच्या गुत्त्यात मान उजवीकडं कलवून पिंगा ही उसाची दारू पिणारा माणूस दिसला, की त्याची गाडी बाहेर कुठंतरी उभी असणार. बेल्मिरोकडं पाकोळी घेण्याइतके पैसे कधीच नव्हते, पण कारखान्याच्या गाड्या नोंदणीला नेता-आणता त्याची मान मात्र तशी झाली. फुकट मिळालेली तेवढी एकच वस्तू, असं तो म्हणायचा.

आईचं मौन मात्र वाढत गेलं. ती आता कारखान्याचं नाव काढत नसे, फक्त घडलेल्या गोष्टी मोजून दाखवी. पेट्रोल महागलं तेव्हा ती चुलीशी बसून तव्यावर खायच्या इसा मुंग्या परतत म्हणाली, "वाट बघतेय ती."

"कोण, आई?"

"जिचं देणं आहे ती."

पुढं सरकारनं शनिवार-रविवारी पेट्रोलपंप बंद ठेवायला लावले. शनिवार-रविवार हेच तर पाकोळीचे दिवस. मागण्या निम्म्यावर आल्या.

"आता पंपाला टाळं लावलंन्," आई म्हणाली. "अजून काय करायला हवंय तिनं? घरी येऊन सांगायला हवंय?"

"पंप सरकारनं बंद केलेत, आई."

"आणि सरकारला कुणी सुचवलं?"

यावर वाणिज्य शाळेत काही शिकवलेलं नव्हतं.

ऐंशी सालच्या मे महिन्यात दोना एपोनिनानं अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं. या वेळी तिनं कुणालाही नवस बोलू दिला नाही. बेल्मिरो सूप घेऊन गेला तेव्हा तिनं वाटी बाजूला सारली.

"बस इथं," ती म्हणाली. "मला मरायची भीती नाही. पण वर गेल्यावर ती भेटणार. ती विचारणार, एपोनिना, मुलगा दिला होता, त्याचं काय? मी काय सांगू? माझ्या मुलाला मालकाशी बोलायची लाज वाटते, असं सांगू?"

बेल्मिरोनं वाटी पुन्हा तिच्यापुढं धरली. लाज वाटत नव्हती, आवडत होतं, हे तिला सांगायचं त्याला धैर्य झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सेउ आदेमारांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. उभा राहिलेला पाहूनच ते दचकले.

"पगारवाढ नाही मिळणार, बेल्मिरो. तूच सांगितलंयस, पैसे नाहीत."

"पगार नको. मेणाचा मी हवाय. आईचा नवस आहे. सहासष्ट सालचा."

सेउ आदेमारनी चष्मा काढला. "नवसाचा आहे तो?"

"हो."

"म्हणजे देवीचा?"

"हो."

"अरे मग इतकी वर्षं बोलला नाहीस? मापं सगळी कागदावर उतरवलीयत कधीच, एकोणसत्तर सालापासून. तो काही लागत नाही. मी तो ठेवला, कारण मला वाटलं तुला आवडतं."

अकरा वर्षं तो ज्या कारणाच्या आड बसला होता ते कारण कागदावर उतरून कपाटात पडलेलं होतं. पुढं हे सांगताना तो इथं नेहमी थांबायचा आणि ऐकणाऱ्यांना हसून घेऊ द्यायचा.

झुलेइका म्हातारी झाली होती, पण हात चालू होता. तिनं मेणाच्या बेल्मिरोची पाठ भरली, बसकण भरली, कान नवा लावला. मान सरळ करायला घेतली तेव्हा तिनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"ठेवते अशीच," ती म्हणाली. "आता तुझीही अशीच आहे. सरळ केली तर देवीची फसवणूक होईल."

"आणि पोट?"

"पोटाला मेण नाही माझ्याकडं. ते तेव्हाचंच राहू दे."

प्रश्न न्यायचा कसा हा होता. बसवाल्यानं नकार दिला, टेम्पोत तो गडगडला असता. सेउ आदेमारनी कारखान्यातली एक पांढरी पाकोळी काढून दिली. मेणाच्या बेल्मिरोला शेजारच्या, उजव्या आसनावर ठेवलं आणि सगळे बघत राहिले. तो कुठंही न अडता आत गेला. डोकं छपराखाली बरोबर बसलं, गुडघे बरोबर, पाठ बरोबर, उजवा हात दारावरच्या टेकणीवर असा पडला की जणू जन्मभर तिथंच होता. जॉकी सोडला तर इतक्या वर्षांत त्या गाडीत नीट बसलेला तो पहिला इसम.

आई शेजारणींबरोबर पहाटेच्या बसनं पुढं गेली. डॉक्टर नको म्हणाले होते. ती म्हणाली, नवस माझा आहे, डॉक्टरचा नाही.

जूनची थंड सकाळ होती. हमरस्त्यावर बेल्मिरो हळू चालला होता, दोन्ही माना उजवीकडं कललेल्या. पिंदामोन्यांगाबा मागं पडलं. गाडीच्या मागच्या इंजिनाची ऊब आत येत होती आणि त्याला ती बरी वाटत होती. शेजारच्याला ती बरी वाटत असेल का, हा विचार त्याच्या डोक्यात आला नाही. उबेनं मेण खचतं हे ज्यानं एकदा डोळ्यांनी पाहिलं त्यालाही आला नाही, तर दुसऱ्या कुणाला काय सांगायचं?

रोझेइराजवळ पोलिसानं हात केला. तरुण होता. त्यानं वाकून आत बघितलं, आणखी वाकला.

"कागद. तुमचे. आणि याला म्हणावं खाली उतर."

"हा उतरत नाही, साहेब."

"का? कोण आहे हा?"

"मी."

पोलीस सरळ झाला, टोपी नीट केली आणि परत वाकला. "हा तुम्ही?"

"सहासष्ट सालचा."

"मग तुम्ही कोण?"

"त्याचा हिशेबनीस."

पोलिसाला यात थट्टा दिसली. तो फिरून दुसऱ्या बाजूला गेला. "साहेब, ते दार जरा सांभाळून," बेल्मिरो म्हणेपर्यंत त्यानं ते झटक्यात उघडलं. मेण उबेनं मऊ होऊन दाराच्या टेकणीला चिकटलं होतं. दार बाहेर गेलं, दाराबरोबर उजवा हात कोपरापासून गेला, टेकणीवरून सुटला आणि उतारानं गाडीखालून घरंगळत रस्त्यावर गेला. मागून उसाचा ट्रक येत होता. त्यानं हॉर्न दिला आणि हातावरून गेला.

पोलिसानं टोपी काढली.

"नवसाचा होता का?" त्यानं हळूच विचारलं.

"हो."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"मी कुणालाच काही आधी सांगत नाही," बेल्मिरो म्हणाला. "तीच माझी खोड आहे."

पोलीस पुढं मोटारसायकल घेऊन थेट आपारेसिदापर्यंत आला, त्यानं वाट करून दिली आणि मेणाचा बेल्मिरो उचलून चर्चच्या पायऱ्यांवरून वर न्यायला खांदाही दिला. दोना एपोनिना बाकावर शाल घेऊन बसली होती. नवसाच्या वस्तू ठेवायच्या खोलीत त्याला भिंतीशी बसवलं, मेणाच्या पायांच्या आणि डोक्यांच्या मधोमध. तिथं देखरेख करणारा म्हातारा वही घेऊन आला.

"कशातून बरा झाला?"

"पित्ताशयातून," आई म्हणाली.

म्हाताऱ्यानं पुतळा डोक्यापासून पायापर्यंत पाहिला. "मग एवढा?"

"एवढाच बोलले होते."

ती शेजारणीच्या आधारानं उठली आणि मेणाच्या मुलासमोर गेली. त्याच्या टायची गाठ सारखी केली. मग तिनं खऱ्या मुलाकडं बघितलं, त्याच्या पोटाकडं, टकलाकडं, कललेल्या मानेकडं.

"हा बरा दिसतो तुझ्यापेक्षा," ती म्हणाली.

"हो, आई."

"हात कुठाय?"

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं. ट्रक सांगितला, पोलीस सांगितला. आणि मग, सांगायला लागलाच होता म्हणून, गिऱ्हाइकं वळून बघायची तेही सांगितलं. शेजारणी तोंडाला पदर लावल्यासारखी शाल लावून हसू दाबत होत्या. आई हसली नाही. तिनं डोळे मिटून मनातल्या मनात काहीतरी म्हटलं, बराच वेळ म्हटलं, आणि छातीवर क्रुसाची खूण केली.

"तिला सांगितलं मी," ती म्हणाली. "बाकीचा पोचला. हात राहिलाय, तो तू देशील. आणि दुकानातला तयार नको. तुझ्या मापाचा."

"देईन."

परतीला गाडीतली शेजारची जागा रिकामी होती. आई त्या जागेवर बसली. ती बारीक होती, दुखण्यानं आणखी बारीक झाली होती, आणि मान सरळ ठेवून बसली. ताउबाते येईपर्यंत ती झोपली होती.

ती पुढच्या मार्चमध्ये गेली. झुलेइका तिच्या आधीच, नाताळात गेली. पाकोळीचा कारखाना त्र्याऐंशी साली बंद झाला, एकूण चारशे सतरा गाड्या निघाल्या, आणि सेउ आदेमार परत टाक्या बनवू लागले. बेल्मिरो त्यांच्याकडंच निवृत्त झाला. दर जूनमध्ये तो आपारेसिदाला जातो. दुकानात मेणाचे हात टांगलेले असतात, तो त्यांतल्या एकेकाला आपला हात लावून बघतो. सगळे त्याच्यापेक्षा मोठे असतात. मापानं करून देणारं आता कुणी उरलेलं नाही.

उजवा हात, एक, मेणाचा, कोपरापासून पुढचा, अजून देणं आहे.